शेजारचा खड्डा, जुनी भिंत

महाद्वार रोडवरून भवानी मंडपाकडे जाताना माझी नजर सवयीनं जुन्या भिंतींच्या तड्यांकडे जाते. शेजारी तळघरासाठी खोल खोदाई सुरू झाली की खोदणारे हमखास म्हणतात, "तुमच्या भिंतीला आम्ही हातही लावलेला नाही!" पण हात लावावाच लागत नाही. खड्ड्याची बाजू उघडी पडली की शेजारची माती तिकडे सरकते. पंपानं पाणी उपसलं की आसपासच्या जमिनीतलं पाणीही उतरतं आणि माती दबते. सगळा वाडा सारखाच खचला तर एकवेळ निभावतं. एकच कोपरा खचला की चुन्यातलं दगडकाम तडकतं.

मुंबईत २०१७ साली भुयारी मेट्रोचं काम चालू असताना १८९८ च्या जे. एन. पेटिट ग्रंथालयाच्या इमारतीचा शोभेचा दगडी भाग कोसळला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. आपण इतकी वेळ का येऊ द्यावी?

खोदाईआधीच प्रत्येक तड्याचा तारखेसह फोटो घ्या. तड्यावर काचेची पट्टी पक्की बसवा. भिंत हलली की ती तुटते. जवळच्या विहिरीची पाणीपातळी रोज मोजा. खड्ड्याच्या बाजूंना आधार देत, टप्प्याटप्प्यानंच खोदायला सांगा. हादरेही मोजून घ्या. नाजूक जुन्या वास्तूंच्या पायाशी संथ कंपनांसाठी जर्मन मानकानं सेकंदाला ३ मिलिमीटर वेगाची मर्यादा सुचवली आहे.

आणि पट्टी तुटली त्याच दिवशी काम थांबेल, हे पहिली कुदळ पडण्याआधी लेखी ठरवा. नंतर उरतो तो फक्त वाद.