गळ्यात नळी असेल तर नेब्युलायझर कुठे लावायचा?

आजोबांना डिस्चार्ज मिळाला आणि आम्ही त्यांना अंबडला घरी आणलं, तेव्हा त्यांच्या गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची नळी होती. मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला आणि नेब्युलायझरचा मास्क त्यांच्या तोंडावर लावला. औषध संपलं, धाप मात्र तशीच. मशीन ठीक होतं, औषधही बरोबर होतं. पत्ता चुकला होता!

श्वास जिथून, औषध तिथून

ट्रॅकिओस्टॉमी म्हणजे गळ्याला छेद देऊन थेट श्वासनलिकेत बसवलेली नळी. पेशंट श्वास तिच्यातूनच घेतो. मग तोंडावर सोडलेलं औषध फुफ्फुसात जाणार कसं? इथे गळ्यावर बसणारा ट्रॅक मास्क लागतो, किंवा नळीला जोडायचा टी-पीस. डॉक्टरांनी नळीला बूच लावलं असेल आणि पेशंट नाकातोंडाने श्वास घेत असेल, तरच नेहमीचा मास्क चालतो.

मशीन काय करतं?

आपण 'वाफ' म्हणतो, पण ती वाफ नसते. ते औषधाचे बारीक थेंब असतात, साधारण 1 ते 5 मायक्रॉनचे. त्याहून मोठे थेंब वाटेतच चिकटतात. जेट नेब्युलायझर कॉम्प्रेसरच्या हवेने हे थेंब बनवतो. मेश नेब्युलायझरमध्ये बारीक छिद्रांची जाळी सेकंदाला लाखाहून जास्त वेळा थरथरते. तो छोटा असतो, बॅटरीवर चालणाराही मिळतो. लाइट गेली तरी डोस चुकत नाही.

डॉक्टरांनी पंप दिला असेल तर तो स्पेसर आणि अडॅप्टर लावून नळीला जोडतात. पंप हलवायचा आणि पेशंट श्वास आत घ्यायला लागला की दाबायचा.

आधी हे तीन बघा

1. नळीत कफ घरघरत असेल तर नर्सने शिकवलं तसं सक्शन करा.
2. नळीच्या तोंडावरचा एचएमई फिल्टर काढा, नाहीतर औषध त्यातच अडकतं. डोस झाला की परत लावा.
3. बोलण्यासाठीचा स्पीकिंग व्हॉल्व्ह असेल तर तोही काढा.

कपात डॉक्टरांनी सांगितलेलंच औषध घाला, नळाचं पाणी कधीच नाही.

सक्शनची नळी आत जात नसेल, ओठ निळसर पडत असतील, तर नेब्युलायझर देत बसू नका. ट्यूब चोंदलेली असू शकते. लगेच 108 ला फोन करा.

आणि एक काम नक्की करा. डिस्चार्जच्या आधी नर्ससमोर हे सगळं स्वतः एकदा करून बघा आणि त्यांना विचारून व्हिडिओ काढून ठेवा. घरी तोच व्हिडिओ बघायचा, दुसरा नाही.