फळा, पडदा आणि शिक्षक

चलच्चित्राच्या शोधाशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या एडिसन यांनी 1913 साली असे भाकीत केले होते की, शाळांतून पुस्तके लवकरच बाद होतील, आणि दहा वर्षांत शाळेचे स्वरूप साफ पालटून जाईल. त्या भाकिताला शंभरांहून अधिक वर्षे उलटली. पुस्तक अजून मुलांच्या दप्तरात आहे. मधल्या काळात वर्गाच्या दाराशी रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, संगणक आला, आता मोबाईल आणि इंटरनेट आले. प्रत्येकाच्या स्वागताला तीच घोषणा झाली, आणि प्रत्येक वेळी एक साधा प्रश्न मागे राहिला: हे साधन ज्याच्या हाती द्यावयाचे, त्या शिक्षकाला मदत कोणी आणि कशी करावयाची? आज आपण या प्रश्नाचाच विचार करू.

साधनांचा तुटवडा हे आता एकमेव दुखणे राहिलेले नाही. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ 2017 साली सुरू झाले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले गेले. मोबाईल त्यावर धरला की त्या धड्याचे चित्र, ध्वनिफीत किंवा स्वाध्याय समोर येतो. कित्येक शाळांत पडदा आणि प्रोजेक्टर आहेत. पण वर्गाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. तास पस्तीस मिनिटांचा, मुले चाळीस-पन्नास. यंत्र जोडण्यात सात मिनिटे जातात, आवाज येत नाही म्हणून आणखी पाच. तेवढ्यात वीज जाते. मागच्या बाकावरून कुजबूज उठते, “सरांना येत नाही.” शिक्षकाची सारी मिळकत म्हणजे वर्गातला त्याचा शब्द. तो असा पणाला लागला की दुसऱ्या दिवशी यंत्र कपाटात जाते आणि शिक्षक खडू हाती घेतो. यात त्याचा आळस नसतो. आपला वर्ग राखण्याची ती शहाणी धडपड असते.

नुसते यंत्र देऊन काय होते, याचा मोठा दाखला पेरू या दक्षिण अमेरिकेतील देशाने दिला. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेखाली तेथे लक्षावधी लॅपटॉप वाटले गेले. 319 ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी करून तिचे निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. यंत्रांचा वापर खूपच वाढला होता. सामान्य बुद्धिकौशल्याच्या चाचण्यांत थोडी सुधारणाही दिसली. पण गणित आणि भाषा या विषयांत म्हणावा असा फरक आढळला नाही. कोणत्या धड्यासाठी यंत्राचा कोणता उपयोग करावयाचा, याची स्पष्ट आखणी तेथे नव्हती.

याउलट दिल्लीत शाळेबाहेरच्या वेळी चालणाऱ्या केंद्रांचा एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. तेथील संगणक प्रत्येक मुलाची पायरी ओळखून त्या पायरीवरचे प्रश्न त्याच्यापुढे ठेवी, आणि जोडीला लहान गटाला शिकवणारा माणूसही असे. साडेचार महिन्यांत मुलांची गणितातली आणि हिंदीतली प्रगती स्पष्ट दिसली. यंत्र दोन्हीकडे होते. दिल्लीत त्याला नेमके काम नेमून दिलेले होते, हा त्यातला महत्त्वाचा भेद होय.

हे काम नेमायचे कोणी? अर्थात् शिक्षकाने. आणि त्याकरता त्याला काय ठाऊक असावे लागते, याची एक उपयुक्त मांडणी अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाचे पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी 2006 साली केली. त्यांच्या मते शिक्षकाला तीन प्रकारचे ज्ञान लागते: विषयाचे, शिकवण्याचे आणि साधनाचे. ही तिन्ही वेगवेगळ्या डब्यांत भरून चालत नाही. ती एकमेकांत मिसळावी लागतात.

उदाहरण त्रिकोणाचे घेऊ. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180 अंश होते, हे मुलांना शिकवायचे आहे. ‘जिओजेब्रा’ नावाचे गणिताचे एक मोफत साधन आहे. त्यात पडद्यावर त्रिकोण काढला आणि त्याचा एक शिरोबिंदू बोटाने ओढला की त्रिकोण उभट होतो, पसरट होतो, कोनांची मापे भराभर बदलतात. बेरीज मात्र 180 वरून हलत नाही. फळ्यावर तासाभरात पाच त्रिकोण होतील, येथे मिनिटात पन्नास दिसतात. मुले चकित होतात. साधनाचे ज्ञान असलेला शिक्षक येथपर्यंत येतो आणि थांबतो.

शिकवण्याचे ज्ञान असलेला शिक्षक बिंदू ओढण्यापूर्वी विचारतो, “आता बेरीज वाढेल की घटेल?” तो मुलांना वहीत अंदाज लिहावयास लावतो आणि मगच बोट पुढे नेतो. आणि विषयाचे ज्ञान असलेल्या शिक्षकाला ठाऊक असते की, पन्नास त्रिकोण पाहिले म्हणजे सिद्धता झाली असे नव्हे. तो पडदा बंद करतो, फळ्यावर शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढतो, आणि व्युत्क्रम कोनांच्या आधारे असे का घडते ते दाखवतो. पडद्याने कुतूहल जागे केले आणि फळ्याने कारण सांगितले. पडदा केव्हा उघडावा याइतकेच तो केव्हा मिटावा, हे कळणे म्हणजेच या तिन्ही ज्ञानांचे मिश्रण.

कधी कधी पडद्याची गरजच नसते. कागदाचा त्रिकोण कापून त्याचे तीन कोपरे फाडले आणि एकाशेजारी एक मांडले की सरळ रेषा मिळते. ती मुलाच्या स्वतःच्या हातांनी मिळते. उलट विजेचे परिपथ शिकवताना, जेथे शाळेत तारा आणि दिवे पुरेसे नाहीत, तेथे कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील परिपथाचा खेळ फार कामी येतो. हा प्रकल्प नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 साली सुरू केला. त्यात मूल चुकीची जोडणी करून पाहू शकते आणि कोणाला इजा होत नाही. तेव्हा प्रत्येक वेळी विचारावयाचा प्रश्न एकच: खडूने, कागदाने, हाताने जे होत नाही असे काय या साधनाने होणार आहे? उत्तर मिळाले तर ते वापरावे. न मिळाले तर खुशाल कपाटात ठेवावे.

आता मदतीकडे वळू. आपल्या देशात या बाबतीत एक जुना धडा आहे. 1 ऑगस्ट 1975 पासून एक वर्षभर उपग्रहाच्या द्वारे सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा प्रयोग झाला. त्यात मुलांसाठी कार्यक्रम होतेच. पण सुट्टीच्या काळात त्याच पडद्यावरून हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे शिक्षणही देण्यात आले. त्यात पाहण्याला छापील साहित्याची आणि प्रत्यक्ष कृतीची जोड होती. साधन आधी शिक्षकाच्या शिकण्यासाठी वापरावे, मग मुलांच्या, हा क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो. जो स्वतः एखाद्या साधनाने काही शिकला आहे, त्याला ते शिकवताना भीती वाटत नाही.

महाराष्ट्रातलेच एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. क्यूआर कोडमुळे त्यांचे नाव झाले. परंतु त्याच्या मागची एक गोष्ट लोक विसरतात. वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड आहे, हे त्यांनी ओळखले, आणि पुस्तकातला मजकूर मुलांच्या भाषेत नेला. कोड हा केवळ दरवाजा. आत काय ठेवावयाचे, हे मुलांना ओळखणाऱ्यालाच कळते.

मुलांना ओळखणे यात त्यांचे घर ओळखणेही आले. ‘असर’ या पाहणीनुसार ग्रामीण भारतात ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशी शाळकरी मुले 2018 साली 36.5 टक्के होती. 2020 साली, शाळा बंद असताना, ती 61.8 टक्के झाली. वाढ मोठी खरी. पण तेव्हाही दहातली जवळजवळ चार मुले बाहेरच राहिली. शिवाय घरी फोन असणे म्हणजे मुलाच्या हाती असणे नव्हे. तो वडिलांबरोबर सकाळी शेतावर किंवा कामावर जातो. म्हणून फोनवरचा गृहपाठ देण्यापूर्वी, ज्याच्याकडे फोन नाही त्याने काय करावयाचे, हे ठरवणे हा शिक्षकाच्या तयारीचाच भाग होय.

अलीकडे प्रश्न विचारताच निबंध लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. ती ठामपणे चुकीचेही सांगतात. त्यांच्या उत्तरातली चूक हुडकून काढणे हाच वर्गात एक उत्तम स्वाध्याय होऊ शकतो. मात्र त्यासाठी चूक कळणारा शिक्षक आधी हवा.

मग शिक्षकाला नेमके काय द्यावे? आमच्या मते चार गोष्टी. पहिली, वेळ: शाळेच्या वेळापत्रकात बसणारी, रात्री घरी चोरून काढावी न लागणारी. दुसरी, सोबती: शेजारच्या शाळेतला, तोच विषय शिकवणारा. केंद्रातील शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र जमतातच. तेथे भाषणाऐवजी एकाने एक पाठ करून दाखवावा आणि बाकीच्यांनी तो त्याच दिवशी करून पाहावा. तिसरी, लहान आरंभ: एका सत्रात एक साधन, एक धडा. चौथी, फसण्याची मुभा: वीज गेली तर पाठ कसा पुढे न्यावयाचा याची दुसरी वाट आधीच आखलेली असावी, आणि यंत्र अडले म्हणून शिक्षकाला कोणी हिणवू नये.

यातले काही आपल्याही हाती आहे. गावोगावची मंडळे, माजी विद्यार्थी, उदार व्यापारी शाळेला संगणक भेट देतात. हार घालतात, छायाचित्र निघते. हे सत्कार्यच आहे. परंतु पुढच्या वेळी देणगी देताना मुख्याध्यापकांना एवढे अवश्य विचारावे: हे यंत्र कोणत्या धड्यासाठी, कोण वापरणार, आणि त्यांना शिकण्यास वेळ केव्हा मिळणार? उत्तर तयार नसेल तर देणगीतला काही भाग त्या वेळासाठी द्यावा: एखाद्या जाणकाराला महिन्यातून एक दिवस शाळेत बसवावे, शिक्षकांच्या शंकांसाठी. यंत्र चार-पाच वर्षांत जुने होते. शिकलेला शिक्षक निवृत्त होईपर्यंत दर वर्षी नव्या चाळीस मुलांच्या उपयोगी पडतो.