परसांतील कृष्णकमळ व त्याच्या कुळांतील फळवेल

कर्जत व खालापूर या तालुक्यांत कृष्णकमळ ठाऊक नाहीं असें घर विरळा. फुलाच्या कडेचे जांभळे तंतु ते १०० कौरव, मधले ५ परागकोश ते पांडव आणि वरचीं ३ टोकें ते ब्रह्मा, विष्णु व महेश, असें घरोघरच्या आज्या मुलांस सांगत आल्या आहेत. मौज ही कीं, हा वेल मूळचा अमेरिका खंडांतला. आणि तिकडे स्पेनच्या धर्मोपदेशकांनीं त्याच तंतूंत ख्रिस्ताचा कांटेरी मुकुट व त्याच ३ टोकांत क्रूसाचे खिळे पाहिले.

परंतु आज आम्हांस सांगावयाचें तें पूजेच्या फुलाविषयीं नव्हे, तर त्याच कुळांतील फळवेलाविषयीं होय. बाजारांत या फळास पॅशन फ्रूट म्हणतात. जांभळ्या फळाचा वेल कूर्ग, निलगिरी अशा थंड डोंगरी मुलखांत सुखावतो. आमच्या उष्ण व सखल भागांत पिवळ्या फळाचाच लावावा. दोहोंच्या संकरापासून कूर्गांतील चेट्टळ्ळी येथील संशोधन केंद्रानें 'कावेरी' ही जात काढली आहे.

सेवानिवृत्त झाल्यावर आम्हीं एका रोपवाटिकेंतून या पिवळ्या वेलाचीं २ कलमें आणून परसांत लाविलीं. वेल मांडवभर पसरले, फुलें अपार आलीं, पण २ वर्षांत फळ म्हणून एक धरलें नाहीं. शेजारचे पाटील म्हणाले, "भाऊसाहेब, पीकपाहणीला गेलांत तर या रकान्यांत काय लिहाल? तोडून टाका आणि पडवळ चढवा." कोयता आम्हीं हातीं घेतलाही होता.

मग चौकशीअंतीं उलगडा झाला. पिवळ्या वेलाचा पराग त्याच वेलाच्या फुलावर लागू पडत नाहीं. आमचीं दोन्ही कलमें एकाच मातृवेलाचीं, म्हणजे नांवाला २ पण वस्तुतः १ झाड! त्यास जोड हवी ती वेगळ्या बियांपासून झालेल्या वेलाची. दुसरा दोष तर आमच्याच हातचा होता. या मोठ्या फुलाचा पराग वाहणारा मुख्य कीटक म्हणजे लांकूड पोखरणारा काळा भुंगा. मधमाशी लहान पडते. ती पराग नेते, पण वरच्या टोकांस तिचा स्पर्श बहुधा होत नाहीं. आणि पडवीच्या वाशांतील भुंग्यांचीं भोकें आम्हीं मागल्याच उन्हाळ्यांत डांबर भरून बुजविलीं होतीं. आतां जुना वासा व वाळक्या बांबूचे तुकडे आम्ही मुद्दाम कुंपणाशीं ठेवितों.

भुंगा येत नसेल तर हातानें काम साधतें. हें फूल दुपारीं बाराच्या सुमारास उमलतें व रात्रीं मिटतें. एका वेलाच्या फुलांतील परागकोश खुडून दुसऱ्या वेलाच्या फुलाच्या तिन्ही टोकांस हलकेच लावावा. टोकें आधीं उभीं असतात व तासाभरांत खालीं वांकतात, तोंवर थांबावें. जीं वांकतच नाहींत त्यांवर श्रम व्यर्थ. ओला झालेला पराग फुटून वायां जातो, म्हणून श्रावणसरींत हें काम करूं नये. आश्विनांतील कोरडी दुपार उत्तम. दुसरा वेल फुलावर आल्यावर पहिल्या दिवशीं आम्हीं २० फुलें हाताळलीं, त्यांतील ११ धरलीं. दोन ते अडीच महिन्यांनीं फळ पिकून आपोआप खालीं पडतें. तें वेंचावें, ओढून तोडूं नये. कच्च्या फळांत व पानांत विषारी अंश असतो, तेव्हां मुलांस व गुरांस दूर ठेवावें.

लागवडींत खरी भीति पाण्याची. वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस जेथें पडतो, तेथें भाताच्या खाचराशेजारीं हा वेल लावणें म्हणजे त्याचा बुंधा कुजविणें होय. वरकस जमिनीचा उतार पाहावा, दीड फूट खड्डा भरून वर हातभर उंच वरंबा करावा व शेणखत बुंध्यास भिडवूं नये. उलट चैत्र-वैशाखांत ओल तुटली तर कळ्या गळतात. कारल्याचा बांबूमांडव येथें टिकत नाहीं. वेल ४-५ वर्षें राहतो व भारी होतो, म्हणून पक्के खांब व तार हवी. फळें नव्या फुटीवर येतात, यास्तव बहर संपल्यावर छाटणी करावी.

नारिंगी फुलपांखराच्या कांटेरी अळ्या पानें खातात. त्या सकाळीं हातानें वेंचून माराव्या. फुलोऱ्यांत औषध फवाराल तर अळीबरोबर भुंगाही जाईल.

यंदां पाटलांनीं स्वतःच वेल मागितला. आम्हीं त्यांस कलम न देतां २ निरनिराळ्या वेलांवरील पिकल्या फळांचें ताजें बीं धुऊन दिलें. तें उगवावयास २ ते ४ आठवडे लागतील, हें मात्र बजावून सांगितलें, कारण दहाव्या दिवशींच ते माती उकरून पाहातील अशी आम्हांस शंका आहे.