जुना गियरबॉक्स पारखून कसा घ्यावा

आटपाडी तालुक्यांत खरसुंडीस सिद्धनाथाच्या यात्रेंत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो, हें या भागांतील वाचकांस सांगावयास नकोच. तेथें बैल घेणारा जाणता शेतकरी शिंगांचा रंग पाहून भुलत नाहीं. तो जनावराचें तोंड उघडून दांत पाहतो. आदत आहे, दुसा आहे कीं चौसा हें ठरवितो. जनावर चालवून पाहतो, आणि मगच किंमतीची गोष्ट काढतो. जुन्या मोटारगाडीचा गियरबॉक्स विकत घेण्याची विद्या याहून फारशी निराळी नाहीं. त्यालाहि दांते असतात, त्यानें किती सोसलें हें त्या दांत्यांवरून कळतें, आणि त्यालाहि विकणारा पुष्कळदां रंग फासून उभा करतो. ही पारख कशी करावी, याचें थोडें विवेचन आम्ही येथें करणार आहों. विषय मिस्त्रीलोकांचा वाटला, तरी शाळेंत शिकलेलें गणित व पदार्थविज्ञान त्यांत कसें उपयोगी पडतें, हें विद्यार्थ्यांस त्यावरून दिसून येईल.

आमच्या माणदेशांत जुनी गाडी म्हटली म्हणजे बहुधा जीपच डोळ्यांपुढें येते. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून १९४५ पर्यंत, अमेरिकेंतील विलीस व फोर्ड या कंपन्यांनीं लष्करासाठीं ही गाडी तयार केली. युद्धानंतर तिचें नागरी रूप निघालें, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रा कंपनीनें मुंबईस माझगांव येथें जीपगाड्यांची जुळणी सुरू केली. विलीस कंपनीनें १९५३ सालीं काढलेली उंच बॉनेटची सीजे-३बी ही जीप अमेरिकेंत १९६८ पर्यंत निघत होती. महिंद्रा कंपनीनें मात्र ती त्यानंतरहि पुष्कळ वर्षें चालू ठेविली. खडकाळ रस्त्यांनीं वडाप करून अशा जीपांनीं कित्येक कुटुंबें पोसलीं, आणि कांहीं घरीं त्या आजहि वाडवडिलांची ठेव म्हणून जपल्या जातात. कारखान्यानें हीं जुनीं रूपें करणें कधींच सोडून दिलें असल्यामुळें, गियरबॉक्स फुटला म्हणजे मालकास मोडींत निघालेल्या गाडीचा गियरबॉक्स शोधीत पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचें कुर्लें गांठावें लागतें. तो पारखण्यांत चूक झाली तर पैसा जातोच. पण घाटाच्या उतारावर झिजलेला गियर आपोआप सुटला, तर इंजिनाचा आवर नाहींसा होऊन सगळा भार ब्रेकांवर पडतो आणि गाडींतील माणसांच्या जिवावर बेततें. म्हणून ही पारख केवळ काटकसरीची बाब नव्हे.

प्रथम गियरबॉक्सचें कार्य थोडक्यांत पाहूं. लहान दांतेरी चाक मोठ्या दांतेरी चाकास फिरवूं लागलें, म्हणजे मोठ्याचा वेग कमी होतो व जवळजवळ तितक्याच पटीनें त्याचा जोर वाढतो. चढावर जोर हवा असतो म्हणून पहिला गियर. सपाट रस्त्यावर वेग हवा असतो म्हणून शेवटचा. हें प्रमाण चाकांच्या दांत्यांच्या संख्येनें कायमचें ठरलेलें असतें. रंग बदलतां येतो, नांवाची पट्टी बदलतां येते. दांत्यांची संख्या कांहीं बदलत नाहीं. ओळख पटविण्याची खरी किल्ली हीच.

लष्करी जीपेंत टी-८४ व नागरी जीपेंत टी-९० या नांवाचा गियरबॉक्स असे. दोन्ही पुढील तीन गतींचे व एक मागील गतीचा, दिसण्यांतहि भाऊभाऊ, मात्र टी-९० अंगानें अधिक दणकट. पुढें डिझेल जीपांस चार गतींचेहि गियरबॉक्स आले. भंगाराच्या ढिगांत हे सर्व एकत्र पडलेले असतात, आणि विकणारा प्रत्येकास “जीपचाच” म्हणतो. तेव्हां पुढील प्रयोग करावा. गियरबॉक्स पहिल्या गियरांत घालावा. मागें ट्रान्सफर केस जोडलेली असल्यास ती वरच्या, म्हणजे हाय, गतींत ठेवावी. इंजिनाकडील शाफ्टवर व बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर खडूनें एकेक रेघ ओढावी. मग बाहेरील शाफ्टचे दहा फेरे पूर्ण होईपर्यंत इंजिनाकडील शाफ्ट फिरवीत त्याचे फेरे मोजावे. टी-९० चें पहिल्या गियरचें प्रमाण २.७९८ असल्यामुळें फेरे जवळजवळ २८ भरतील. टी-८४ चें प्रमाण २.६६५ असल्यामुळें ते पावणेसत्तावीसच्याहि आंतच राहतील. दुसऱ्या गियरांत दोहोंचीं प्रमाणें १.५५१ व १.५६४ अशीं इतकीं जवळ आहेत कीं, तेथें मोजून कांहीं कळत नाहीं. तिसऱ्यांत तर दोन्ही शाफ्ट बरोबरच फिरतात. म्हणून मोजणी पहिल्या गियरांतच करावी. जुन्या फियाट किंवा पद्मिनी मोटारीसहि रीत हीच. आंकडे तेवढे निराळे.

ओळख पटली तरी तो आपल्या गाडीस बसेल असें नव्हे. यासाठीं घरून निघतांना दोन वस्तु बरोबर घ्याव्या. एक, आपल्या गाडीची क्लचप्लेट. ती त्या शाफ्टच्या खांचांवर अडखळल्याशिवाय सरकली पाहिजे. दुसरी, आपल्या जुन्या गियरबॉक्सच्या तोंडावर जाड कागद ठेवून बोल्टांच्या भोकांचा घेतलेला ठसा. शाफ्टची लांबीहि मोजून लिहून न्यावी. स्मरणावर भरंवसा ठेवूं नये.

आतां आंतील परीक्षा. खालचा बुच काढून तेल हातावर घ्यावें. तें दुधासारखें असेल तर आंत पाणी शिरलें आहे. तेलांत चमकणारे कण दिसले तर त्यांना लोहचुंबक लावावें. जे चिकटत नाहींत ते पितळी रिंगांचे. या रिंगा दुसऱ्या व तिसऱ्या गियरच्या चाकांची गति जुळवून घेतात, झिजतात, आणि नव्या मिळतात. जे चिकटतात ते पोलादाचे. बुचावर पोलादाचा थोडा बारीक गाळ असणें स्वाभाविक आहे. पण टोंचतील असे तुकडे निघाले तर दांते फुटले आहेत, असें समजून पुढें पाऊल टाकावें. तेल अगोदरच काढून टाकलें असेल, तर वरचें झाकण उघडल्याशिवाय सौदा करूंच नये.

झाकण उघडल्यावर पहिल्या व मागील गतीच्या सरकत्या चाकाकडे आधीं पाहावें. त्यास पितळी रिंगेचें साहाय्य नसल्यामुळें, चालत्या गाडींत बळानें गियर घालणाऱ्यांनीं त्याच्या दांत्यांच्या कडा बोथट केलेल्या असतात. किंचित् गोलाई चालेल; तुटलेला दांता चालणार नाहीं. चाकें सुटीं केलेलीं असतील, तर पितळी रिंग तिच्या शंकूवर हातानें दाबून पाहावी. ती घट्ट धरून राहिली व गियरच्या दांत्यांपासून थोडी दूर राहिली तर चांगली. दांत्यांना जाऊन भिडली तर झिजली. इंजिनाकडील शाफ्ट हातानें थोडा हलेल, त्यास भिऊं नये; गाडींत बसल्यावर त्याच्या टोंकास इंजिनाचा आधार मिळतो. मात्र फिरवितांना खरखर लागली तर बेअरिंग गेलें.

शेवटीं बाहेरचें बिडाचें कवच. चीर बुजवून वर रंग देणें ही जुनी लबाडी आहे. संशयाची जागा खरवडून तेथें रॉकेल लावावें, कांहीं वेळानें कोरडें पुसावें व वर खडूची पूड फासावी. चीर असेल तर आंत राहिलेलें रॉकेल पुडींत झिरपून काळी रेघ उमटते. त्याचप्रमाणें, ज्या भोकांत बेअरिंगें व शाफ्ट बसतात तीं लांबट झालीं असतील, तर त्या कवचांत नवीं चाकेंहि सरळ चालत नाहींत.

किंमत ठरवितांना दोन याद्या कराव्या. बेअरिंगें, सीलें व पितळी रिंगा बदलतां येतात. त्यांचा खर्च व मजुरी मागितलेल्या किंमतींत मिळवून मग विचार करावा. कवच व मुख्य चाकें बिघडलेलीं असतील, तर स्वस्त म्हणून घेतलेला मालहि शेवटीं महागच पडतो.

एक गोष्ट पालकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. इंजिन व चॅसिस यांचे क्रमांक गाडीच्या नोंदणीपुस्तकांत असतात. गियरबॉक्सची अशी नोंद नसते. म्हणून चोरीची गाडी मोडून तिचे असले भाग विकणें सोपें जातें. बैलबाजारांत उपरण्याखालीं बोटें धरून सौदा करण्याची जुनी चाल आहे. येथें ती कामाची नाहीं. माल कोणत्या गाडीचा, ती मोडींत कशी निघाली, हें विचारावें, आणि विकणाऱ्याच्या नांवानिशीं पावती घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणें, चोरीचा माल आहे हें ठाऊक असतां, किंवा तसें मानण्यास कारण असतां, तो अप्रामाणिकपणें घेणारास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. पण कायद्याचें भय नसतें तरीहि, दुसऱ्याच्या घरची पोटाची गाडी मोडून आपली चालविणें कोणा सज्जनास रुचेल?

आटपाडी-खानापूर भागांतील गलाईचा धंदा करणारीं कुटुंबें सोन्याचांदीच्या पारखेवर देशभर पसरलीं आहेत. कसास लावल्याशिवाय तीं सोन्याचा भाव बोलत नाहींत, आणि कस सांगतांना खोटें बोलल्यास धंदा टिकत नाहीं, हेंहि तीं जाणतात. विद्यार्थ्यांनीं हे दोन्ही धडे घ्यावे. घेतांना मोजून, उघडून, घांसून पाहावें. आणि पुढें कधीं आपलीच जुनी वस्तु विकण्याचा प्रसंग आला, तर तिच्यांतील उणीव घेणाराच्या दृष्टीस पडण्यापूर्वीं आपण होऊन सांगावी.