भरतीची धाव आणि उन्हाचा घाव

मेहकर तालुक्यातील डोणगाव असो की आसपासचे एखादे खेडे, बारावी झाली की मुलेमुली पोलीस भरतीच्या तयारीला लागतात. शेती नाही, धंद्याला भांडवल नाही. अशा घरात एक वर्दी आली तर सारे कुटुंब सावरते. म्हणून आईबाप पोटाला चिमटा घेऊन बूट घेऊन देतात. पण धावताना जिवाला धोका कोठे असतो, हे मुलांना कोणी सांगत नाही.

जून २०१४ मध्ये मुंबईत भरतीच्या ५ किलोमीटर धावचाचणीनंतर किमान चार तरुण दगावले. पुढे अंतर कमी झाले. आता मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. परंतु सराव त्याहून लांबचा असतो आणि ऊन काही कमी झालेले नाही.

धावताना स्नायूंत उष्णता तयार होते. घाम वाळताना ती बाहेर पडते. ऊन कडक, हवा दमट किंवा अंगात ताप असेल तर उष्णता आतच साठते. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसवर जाते. मुलगा बरळतो, झोकांड्या खातो, कोसळतो. हाच उष्माघात. घाम येत असला तरी तो होऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे. काखेत लावलेल्या थर्मामीटरवरही विसंबू नये.

तापलेल्या अंगावर गार पाणी घालू नये, असे घरोघरी सांगतात. संशोधन नेमके उलटे सांगते. अमेरिकेतील फॅलमाउथ येथे दर ऑगस्टमध्ये मोठी शर्यत होते. तेथील १८ वर्षांतील २७४ उष्माघातग्रस्तांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या सर्वांना जागच्या जागी बर्फाच्या पाण्यात ठेवले होते. एकही दगावला नाही.

आपल्याकडे टब नसेल, पण ताडपत्री असते. चौघांनी कडा उचलून धराव्यात, मुलाला मधे निजवून पाणी ओतावे, बर्फ मिळाल्यास टाकावा. डोके पाण्याबाहेर धरावे. हौद असेल तर तोही चालेल, मात्र हात सोडू नये. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे कामाची नाही. १०८ ला फोन करावा, पण गाडीची वाट पाहत बसू नये. आधी गारवा, मग दवाखाना.

उन्हाची सवय हळूहळू होते. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत मजूर उष्माघाताने मरू लागले, तेव्हा त्यांना कामाआधी टप्प्याटप्प्याने उष्णतेची सवय लावण्याची पद्धत निघाली. कष्टकऱ्यांच्या जिवाची किंमत मोजून हे ज्ञान मिळाले आहे. म्हणून चाचणी उन्हात असेल तर आधीचे १० ते १४ दिवस थोडा थोडा वेळ वाढवत उन्हात सराव करावा. एकदम जोर लावू नये. ताप, जुलाब किंवा रात्रभर जागरण झाले असेल तर त्या दिवशी सराव बंद ठेवावा.

सराव घेणाऱ्या प्रत्येक गुरुजींनी मैदानावर पाण्याचे पिंप व ताडपत्री ठेवावी. भरतीच्या मैदानावरही ही सोय आहे का, हे पालकांनी एकत्र जाऊन विचारावे. नोकरी मागायला गेलेले लेकरू जिवंत घरी यावे, एवढे मागण्याचा हक्क आपल्याला आहे.