नाणे खणखणीत आहे ना? मोबाईलवरच्या लिलावात जरा जपून

गेल्या दिवाळीनंतर एका गावात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. काम आटोपले, मंडळी पांगली, तेव्हा एका वयस्कर शेतकऱ्याने खिशातून पुरचुंडी काढली. "साहेब, एवढं बघा जरा." आत राणी छाप पाच रुपये होते. लक्ष्मीपूजनाला ठेवायला म्हणून मुलाने मोबाईलवरच्या लिलावात बोली लावून घेतलेले. सोयाबीनच्या पट्टीतले बारा हजार रुपये त्यात गेले होते.

जवळच उभ्या असलेल्या शाळकरी नातीने नाण्यावरची इंग्रजी अक्षरे वाचून दाखवली. साल १८६२ आणि नाव 'व्हिक्टोरिया एम्प्रेस'. पाचही नाण्यांवर राणीच्या हनुवटीखाली अगदी एकाच जागी सारखाच खड्डा होता. गावातल्या सोनाराकडे काटा लावला, तर एकही नाणे दहा ग्रॅम भरेना. मुलाने विकणाऱ्याला फोन लावला. तो बंद.

"कांदा घेणारा व्यापारी ट्रॉलीत हात घातल्याबिगर बोली लावत नाही, अन् आपण चांदी फोटोवर घेतली," म्हातारबाबा म्हणाले. सगळ्या फसवणुकीचे मूळ या एका वाक्यात आहे.

लिलाव तोच, पण डोळ्याआडचा

बाजार समितीच्या लिलावात माल समोर असतो, बोली लावणारा समोर असतो, आडत्याची पट्टी हातात पडते. मोबाईलवरच्या लिलावात यातले काहीच दिसत नाही. भाव चढवणारे दोघे-तिघे विकणाऱ्याचेच साथीदार असू शकतात. 'दहा मिनिटे उरली' असे दिसले की माणूस हातघाईवर येतो. म्हणून आपण जास्तीत जास्त किती देणार, तो आकडा आधीच कागदावर लिहून ठेवावा. त्यापुढे बोट हलवू नये.

बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल, लॉट नंबर आणि पावती पाहतो. नाण्याचेही तसेच. विकणाऱ्याकडून नाण्याच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मागावेत. नाणे वजनकाट्यावर, शेजारी त्या दिवसाचे वर्तमानपत्र, असाही एक फोटो मागावा. ज्याच्याकडे माल आहे त्याला हे पाच मिनिटांचे काम. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे बहुधा दुसऱ्याच्या नाण्याचा नुसता फोटो असतो. वर्णनात बारीक अक्षरात 'टोकन', 'रेप्लिका' किंवा 'स्मृतिचिन्ह' असे लिहिले असेल, तर ते नाणे नव्हे, नक्कल आहे.

नाण्याची परीक्षा

राणी छाप रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. झिजेमुळे वजन थोडे कमी भरेल, पण दोन ग्रॅमचा फरक झिजेचा नसतो. त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने हिशेब करावा. नुसत्या चांदीच्या किमतीपेक्षाही रुपया स्वस्त मिळत असेल, तर विकणारा दानधर्म करायला बसलेला नाही हे ओळखावे.

सालही पाहावे. १८७६ पर्यंतच्या रुपयांवर 'व्हिक्टोरिया क्वीन' असे आहे, 'एम्प्रेस' हा शब्द १८७७ सालच्या नाण्यांपासून येतो. १८६२ साल आणि 'एम्प्रेस' एकत्र दिसले की तिथेच थांबावे. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे. तोही कुणी 'चांदीचा' म्हणून विकत असेल तर फसू नका.

चांदी, सोने, तांबे चुंबकाला चिकटत नाही. चिकटले तर खोटे, पण न चिकटले म्हणजे खरे असे मात्र नाही. पितळ आणि जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही. फरशीवर टाकल्यावर बद्द आवाज आला, कडेला सांध्याची रेघ दिसली, अंगावर बारीक बुडबुडे दिसले, तर नाणे साच्यात ओतलेले असण्याचा संशय घ्यावा. अनेक नाण्यांवर एकाच जागी एकसारखा ओरखडा असेल, तर ती एकाच साच्यातली भावंडे समजावीत.

देवादिकांची आणि महाराजांची नाणी

१८१८ साल, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि वर राम दरबार किंवा मारुती, अशी नाणी हजारोंच्या भावाने दाखवतात. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, पण जुने नाणे म्हणून पैसे मोजू नयेत.

तांब्याची शिवराई खरीही भरपूर मिळते, कारण ती महाराजांनंतरही पेशवाईत दीर्घकाळ पाडली जात होती. त्यामुळे प्रत्येक शिवराई शिवकाळातली आणि लाखमोलाची, हे खरे नाही. सोन्याचा शिवकालीन होन मात्र अत्यंत दुर्मिळ. तो मोबाईलवर स्वस्तात मिळतो म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहावे.

'नांगरताना हंडा सापडला, गुपचूप देतो,' ही आणखी एक थाप. बहुधा ती खोटीच असते. खरी असेल तर आणखी वाईट, कारण १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेले दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. असा माल घेणाराही अडचणीत येऊ शकतो.

उलटा फासही आहे

'तुमच्याकडे वैष्णोदेवीचे नाणे आहे? दहा लाख देतो, आधी नोंदणी फी भरा,' असे फोन येतात. हे नाणे २०१२ चे आणि चलनात सर्रास सापडणारे. रिझर्व्ह बँकेच्या नावाचे पत्रही दाखवतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

फसवणूक झालीच तर

लिलावाच्या ठिकाणाबाहेर, परस्पर कुणाच्या खात्यावर पैसे पाठवू नका. पार्सल आले की फोडण्यापूर्वीपासून व्हिडिओ काढा. संदेश, पावती, फोटो पुसू नका. फसलात तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते.

म्हातारबाबांच्या मुलाने तीन आठवडे कुणाला सांगितलेच नाही. "लोक हसतील," म्हणाला. तेवढ्यात पैसे कुठल्या कुठे गेले. पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना एवढीच विनंती, की असा कुणी दारात आला तर त्याला हसू नका. आधी १९३० लावून द्या, बाकीचे नंतर बोलू.