गिरणगावातला रक्तक्षय आणि बिअरचा गाळ

गरोदर स्त्रियांना सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असते. या जीवनसत्त्वाच्या शोधाची पहिली पायरी मुंबईत परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये चढली गेली. पोषणशास्त्राच्या पुस्तकांत ही हकीकत सहसा एकटीच येते. तिच्यामागे एकीकडे गिरणगाव आहे आणि दुसरीकडे पहिले महायुद्ध, हे फारसे कोणी सांगत नाही.

एकाच धंद्याचे कारखाने एका भागात का दाटतात, याची मांडणी आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्ये केली. कसबी कामगार, पूरक धंदे आणि कामातले बारकावे तिथे आयते मिळतात, असे त्याचे म्हणणे. मुंबईत ताडदेवची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा पट्टा गिरण्यांनी भरून गिरणगाव झाला. १९२०च्या दशकात तिथे सुमारे दीड लाख कामगार होते, त्यांत पाचांत जवळपास एक बाई. वाइंडिंग आणि रीलिंग ही खाती मुख्यतः बायकांची. अशा दाटीत आणखी एक गोष्ट घडते, ती मार्शलच्या हिशेबात नव्हती. हातांबरोबर त्यांचे अर्धपोटी राहणेही एका जागी गोळा होते आणि विखुरलेले असते तर नजरेतून सुटले असते असे दुखणे डॉक्टरांच्या लक्षात येते.

गिरणीतल्या गरीब, गरोदर बायकांमध्ये असे एक दुखणे दिसत होते. तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या, पण संख्येने फार थोड्या. रक्त इतके उतरे की बाई बाळंतपणात दगावे. या मृत्यूंच्या चौकशीसाठी लुसी विल्स या डॉक्टर १९२८ मध्ये लंडनहून मुंबईत हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. वेगवेगळ्या थरांतल्या बायकांचे खाणे त्यांनी ताडून पाहिले. ज्यांच्या जेवणात भाजीपाला आणि फळे सर्वांत कमी, त्यांच्यात रक्तक्षय सर्वांत जास्त आढळला. उंदीर आणि माकडांवरचे प्रयोग झाले, आणि अखेर उपाय सापडला तो मार्माइट या स्वस्त, खारट, काळ्या लगद्यात. या उपचाराचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा लगदा म्हणजे बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा अर्क. इंग्लंडमधले बर्टन हे मद्य गाळणाऱ्यांचे गाव. तिथल्या जिप्समयुक्त पाण्यामुळे हा धंदा तिथेच एकवटला होता. टाकाऊ यीस्टचे करायचे काय, या प्रश्नातून १९०२ मध्ये तिथे मार्माइटचा कारखाना निघाला. मुंबईच्या उद्योगवस्तीत उघडकीला आलेल्या रोगाचे औषध दुसऱ्या उद्योगवस्तीच्या कचऱ्यातून आले.

मार्माइटला आहारात मान मिळाला तो युद्धामुळे. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातल्या कुत येथे ब्रिटिश-हिंदी सैन्य वेढ्यात अडकले. ही सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना ब जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारी बेरीबेरी झाली, तर कणकेवर राहणाऱ्या हिंदी शिपायांना ती टळली. पण ताजी भाजी नसल्याने त्यांना स्कर्व्हीने गाठले. एकाच वेढ्यात दोन जेवणे आणि दोन रोग: कोणत्याही प्रयोगशाळेला इतकी क्रूर मांडणी जमली नसती. ब जीवनसत्त्वासाठी सैनिकांना मार्माइट देण्याची पद्धत याच महायुद्धात रुजली.

विल्स यांचे खरे यश मात्र मार्माइटपुरते नाही. १९२६ पासून एका वेगळ्या घातक रक्तक्षयावर यकृताचा उपचार चालू होता. यकृताचा शुद्ध केलेला अर्क त्या रोगावर चाले, विल्स यांच्या रुग्णांवर चालत नसे. कच्चा अर्क आणि यीस्ट मात्र चालत. म्हणजे इथे कमतरता निराळ्याच द्रव्याची होती. त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. हे द्रव्य म्हणजेच फॉलिक ॲसिड १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि १९४५ पर्यंत ते कारखान्यात बनवता येऊ लागले. दरम्यान विल्स लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात होत्या. 

मुंबईतल्या बहुतेक गिरण्या १९८२च्या संपानंतर बंद पडत गेल्या. पण शिवण, चामडे आणि भंगाराचे धंदे आज तसेच धारावीत दाटले आहेत. तिथल्या बायका बाळंतपणासाठी शीव कोळीवाड्याजवळच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जातात.  रक्तक्षयही संपलेला नाही: २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याचे मोठे कारण लोहाची कमतरता आहे, म्हणून गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. फॉलिक ॲसिडचे दुसरे काम १९९१ मध्ये ब्रिटनमधून चालवलेल्या मोठ्या चाचणीने सिद्ध केले: गर्भाच्या मेंदू-मज्जारज्जूतले जन्मजात दोष ते बऱ्याच प्रमाणात टाळते. पण ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते, आणि पुष्कळ बायकांचे नाव दवाखान्यात त्यानंतरच नोंदले जाते. त्यामुळे दिवस राहण्याआधीच गोळी सुरू करावी लागते.